वडिलांच्या सहीची अट

दोन वर्षांसाठी जातोय, असं आम्ही पुण्यात सगळ्यांना सांगितलं होतं. हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात मला नर्सची नोकरी लागली होती, मुलगी पाच वर्षांची होती आणि नवरा चार महिन्यांत मागून येणार होता. तो आला नाही. व्हिसा माझ्या नोकरीवर मिळणार आणि कागदावर त्याचं नाव माझ्या खाली येणार, हे त्याला तिकीट काढायच्या वेळी झोंबलं. “बायकोच्या व्हिसावर येऊन मी तिथे काय भाजी चिरत बसू?” तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, “चीर की. मी इतकी वर्षं चिरलीच ना?” त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

माणूस तसा सज्जन. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. त्याला तशी गरजच पडत नसे. तो गप्प बसायचा आणि दोन दिवसांत घर त्याच्या मनासारखं व्हायचं. संध्याकाळी कोणाच्या चेहऱ्याकडे न बघता चहा पिता येतो, हे मला हॅमिल्टनला आल्यावर कळलं. मुलगी इथल्या पोरांसारखी अनवाणी हुंदडायला शिकली, कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, जाऊन स्वतःचं आइस्क्रीम स्वतः मागायला लागली आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता बापाशी व्हिडिओ कॉल असे. ती त्याला पडलेला दात दाखवी, पोहायचे नवे कपडे, तिचे ‘टॉग्ज’, दाखवी, आणि कॉल संपला तरी थोडा वेळ फोन हातातच धरून बसे. तिचा बापावर फार जीव होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते न कळता केलं, असं कोणाला वाटायला नको.

दोन वर्षांपैकी दीड वर्ष सरलं तेव्हा मी रेसिडेन्सीसाठी अर्ज करायचं ठरवलं. मुलीसाठी करतेय, असं मी लोकांना सांगे. इथली हवा, इथल्या शाळा वगैरे. साफ खोटं. मला स्वतःला परत जायचं नव्हतं. वॉर्डातल्या एका मराठी नर्सने माझे कागद पाहिले. ती म्हणाली, “तुझं सगळं स्वीट अ‍ॅज आहे गं, एकदम व्यवस्थित. फक्त नवऱ्याचं कन्सेंट लेटर आण.” अर्जात मूल असेल आणि आईबापांपैकी एकच जण सोबत असेल, तर दुसऱ्याची लेखी संमती लागते. येताना त्याने सही दिली होती, पण ती दोन वर्षांपुरती. आता हवी होती मूल कायमचं इथे राहण्यासाठी. सही नसेल तर कोर्टाचा आदेश आणायचा. तो आदेश पुण्याहून येईपर्यंत मुलगी कॉलेजात गेली असती, आणि आमचा व्हिसा सहा महिन्यांत संपत होता.

महिनाभर मी त्याच्या विनवण्या केल्या. भांडले, रडले, त्याच्या आईला मध्ये घातलं. त्या मला म्हणाल्या, “तो काही वाईट वागतोय का तुझ्याशी?” नव्हताच वागत. मग एक दिवस त्याने स्वतःच फोन केला.

“मी सही करीन,” तो म्हणाला. “पण तिला स्वतःच्या तोंडाने मला सांगू दे. मराठीत. की तिला माझ्याकडे राहायचं नाही. मग माझ्या मनात किंतू राहणार नाही.”

ऐकायला किती समंजस वाटतं ना! सात वर्षांच्या मुलीकडून बापाने हे वदवून घ्यायचं. माझं डोकं सणकलं. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. पण मी म्हणाले, “चालेल.”

मग आठवडाभर मी तिची तयारी करून घेतली. शाळेतून घरी येताना गाडीत, आंघोळ घालताना, वेणी घालताना. “बाबा, मला तुझ्याकडे राहायला यायचं नाही. मला इथेच राहायचंय.” तिला ते वाक्य सलग येईना, ‘राहायला’ला अडखळायची. मी पुन्हा म्हणायला लावायची. एकदा चुकली म्हणून वेणी जरा जास्तच ओढली. ती रडली नाही, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.

“पण मला जायचंय,” ती म्हणाली. हे मात्र मराठीत.

मी तिला समजावलं. हे म्हटलं की बाबा एका कागदावर सही करणार. सही झाली की आपल्याला इथला पक्का व्हिसा मिळणार. तो मिळाला की डिसेंबरच्या सुट्टीत आपण बाबांकडे जायचं, चांगले पाच आठवडे.

“सो आय से आय डोन्ट वॉन्ट टू गो, अँड देन वी गो?”

“हो.”

“दॅट्स सिली,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसले.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. शेजारी सासूबाई. मी फोनच्या मागे उभी होते, त्यांना दिसणार नाही अशी. मुलीने वाक्य म्हटलं. कुठे अडखळली नाही. मग शाबासकीसाठी तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

“बरं,” तो म्हणाला. “आणि तुला माझी आठवण येते का?”

हे मी तिला शिकवलं नव्हतं. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. सही अजून झाली नव्हती. ती ‘हो’ म्हणाली तर तो सही करणार नाही, अशी मला भीती वाटली. मी मान आडवी हलवली.

“नाही,” ती म्हणाली.

सासूबाई पदराने डोळे पुसायला लागल्या. तो म्हणाला, “ठीक आहे, बाळा,” आणि कॉल बंद केला. चौथ्या दिवशी नोटरीचा शिक्का मारलेलं संमतीपत्र ईमेलने आलं. अर्ज गेला आणि नोव्हेंबरात मंजूर झाला. वॉर्डात मी पेढे वाटले.

तिकिटं काढून मी त्याला तारखा कळवल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. “तिला माझ्याकडे यायचं नाही, माझी आठवण येत नाही, असं तिनेच सांगितलंय. तिच्या मनाविरुद्ध तिला इथे आणू नकोस. मी भेटणार नाही.” मी फोन केले, तो उचलेना. सासूबाईंनी एकदा उचलला आणि न बोलता ठेवून दिला. मीच शिकवलं होतं, असं त्याला सगळं लिहून पाठवलं. ते त्याने वाचल्याचं दिसलं, पण उत्तर आलं नाही. त्याला हे आधीपासून माहीत असणार, असं मला आजही वाटतं.

मुलगी तिच्या खोलीत बॅग भरत होती. बाबांसाठी शाळेत रंगवलेला एक टी-शर्ट तिने सगळ्यात वर ठेवला होता. मी दारात उभं राहून सांगितलं की आपण जात नाही. ती का म्हणून विचारत राहिली. मला दुसरं काही सुचेना. बाबा नाही म्हणतात, असं मी म्हणाले.

तिने टी-शर्ट बॅगेतून काढून त्याची पुन्हा घडी घातली. मग तिने मला मराठीत विचारलं, “मी ते नीट म्हटलं नाही का?”

“अगदी नीट म्हटलंस,” मी म्हणाले.