हलवलेला टॅग

"पुसायचं काम तुमच्याकडे पिढीजातच आहे. तुझा हात पटकन बसेल."

सर असं म्हणाले आणि खोलीतले बाकीचे पाच जण हसले. मी हसले नाही. कीबोर्ड जवळ ओढला.

माझा बाप भिंगारला कॅन्टोन्मेंटात झाडू मारायचा. सरांच्या घरात तीन पिढ्या शिक्षक. नगरच्या त्या खोलीत आम्ही सरांच्या हाताखाली एक ॲप बनवत होतो. बाळाचं वजन टाकलं की औषधाचा डोस सांगणारं. कोड सगळ्यांना खुला, कुणीही बघावा, उतरवून घ्यावा. गावोगावच्या उपकेंद्रांतल्या नर्स ते टॅबवर वापरायच्या. नवी आवृत्ती तयार झाली की त्या कोडवर नंबराची खूण लावायची. तिला टॅग म्हणतात. ते काम माझं. एकदा जाहीर झालेला टॅग पुसून दुसऱ्या कोडवर हलवायचा नसतो. लोक त्या नंबरावर विसंबलेले असतात.

चौथ्या आवृत्तीत सरांच्या हातून चूक झाली. अगदी कमी वजनाच्या बाळाला ॲप दुप्पट डोस दाखवू लागलं. चूक मीच पकडली. सर म्हणाले, बोभाटा नको. टॅग पुसून टाक आणि दुरुस्त कोडवर तोच नंबर लाव. मी विचारलं, ज्यांनी आधीच उतरवून घेतलंय त्यांना कसं कळणार? तेव्हा ते पिढीजात पुसण्याचं बोलले.

आणि मी टॅग पुसला, तोच नंबर दुरुस्त कोडवर लावला. माझ्याच बोटांनी.

आठवड्याने राहाता तालुक्यातून एका नर्सबाईंचा फोन आला.

"ताई, दोन टॅब हायेत. नंबर दोन्हीवर चारच. पन एकाच लेकराला दोन डोस दाखवतंय. कोनता खरा?"

औषध दिलं का, मी आधी विचारलं.

"न्हाई. इचारल्याबिगर कसं देऊ?"

ही बाई थांबली. पण जिच्याकडे एकच टॅब आहे तिला शंका कशी येणार?

मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. स्क्रीन माझ्याकडे वळवली. टॅगखाली माझं नाव.

"यात मी कुठे दिसतोय?" ते म्हणाले. "गप्प राहा. तुझ्यासारखीला दुसरीकडे कोण घेईल?"

आवाज जराही चढला नव्हता. त्याचीच भीती वाटली. मग लख्ख कळलं. माझी जात त्यांनी चेष्टेत काढली नव्हती. मी ऐकून घेते का, ते तपासलं होतं. आणि मी ऐकून घेतलं होतं.

मी जागेवर येऊन नवा टॅग लावला. नवा नंबर. त्याच्यासोबतच्या संदेशात लिहिलं: चौथी आवृत्ती वापरू नका, डोस चुकतो. चूक लपवायला टॅग हलवला गेला. हलवला मी. हलवायला कुणी सांगितलं, तेही लिहिलं. मग यादी काढून एकेका उपकेंद्राला फोन लावू लागले.

संध्याकाळपर्यंत सरांनी माझे कोडवरचे सगळे अधिकार काढून घेतले. पण कोड खुला होता. संदेशाच्या प्रती तोवर बाहेर गेल्या होत्या.

काही उपकेंद्रांचे फोन अजून लागत नाहीत. तिथल्या टॅबवर कुठला चार चालू आहे, कुणालाच माहीत नाही. मी एसटीने एकेका गावाला जाते आहे. त्या संदेशावरून आता चौकशी बसली आहे. तिथे माझा गुन्हा मी कबूल करणार आहे. सरांचा झाकणार नाही.