उकिरड्याची माती

धुळ्याची माती तपासायची प्रयोगशाळा काही वर्षं मीच चालवली. म्हणजे तिथल्या बाटल्या मी धुवायचो, आणि मी धुतलेल्या बाटल्या बाई परत धुवायच्या.

बाई म्हणजे आमच्या केमिस्ट. रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरातल्या. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत बसायच्या तेव्हा शेजारी शिंकायचीही चोरी. पण एक कोडं त्यांना सुटत नव्हतं. जिल्ह्यातून येणारी माती तपासावी तर सोन्यासारखी, आणि पीक बघावं तर गुडघ्याएवढं. मग वरून हुकूम आला, तुमचे अहवाल कामाचे नाहीत, पुढच्या हंगामापर्यंत सुधारा, नाहीतर प्रयोगशाळा नाशिकला जाईल.

बाई मला म्हणाल्या, "तुझं पारोळ्याकडं शेत आहे ना? माती आण."

आणली. बायकोच्या पिठाच्या चाळणीनं चाळून, नव्या फडक्यात बांधून. बाईंनी एकदा तपासली, परत तपासली.

"कुठून काढलीस?"

"शेतातूनच."

"शेतात कुठून?"

"उकिरड्यापासून. तिथली झ्याक असते."

"अरे, मग शेताचं काय कळणार मला?"

"तुम्हाला कळून काय उपयोग, बाई? अहवाल चावडीवर वाचतात. बहिणीला बघायला पाहुणे यायचेत. यांची जमीन खारी, असं भर गावात ऐकलं तर चहा न पिता उठतील."

बाईंनी नळी स्टँडला लावली. मला वाटलं, गेली नोकरी.

तेव्हा आमच्या साहेबाची खुर्ची रिकामीच होती. बाईंना ती आधी देऊ केलेली, पण सह्या करायचा त्यांना कंटाळा. आता स्वतः जाऊन मागितली. आमचा म्हातारा क्लार्क म्हणाला, "बाई, खुर्चीत बसलात की नळी सुटली."

"सुटू द्या. नळीनं चावडी बंद होत नाही."

खुर्चीत बसल्या बसल्या पहिला हुकूम काढला, अहवाल ज्याचा त्याच्या हातात, चावडीवर वाचायचा नाही. मग मला जीपमध्ये घालून बाजार-बाजार फिरायला लागल्या. साक्रीच्या बाजारात साहेबीण बोलतेय म्हणून कोण थांबणार? बाई म्हणाल्या, "चढ वर. तुझी गोष्ट सांग."

बॉनेटवर चढून मी चाळणीसकट सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसले. हसायला जमले तसं बाईंनी पदर खोचला, फावडं घेतलं आणि रस्त्याकडेच्या शेतात खड्डा करून माती कशी काढायची ते दाखवायला लागल्या.

शेताचा मालक एक आबा. तो म्हणाला, "मनी बठ्ठी माती चांगलीच शे, या टोकपाईन त्या टोकलोंग."

"आबा, पोट दुखलं की डॉक्टरला दात दाखवता का?"

"पोट दाखाडसू. मंग तुम्ही गावमा वाचशात."

"नाही वाचणार. आता साहेब मीच आहे."

 आबा बाईंच्या हातातलं फावडं घेऊन बांधाच्या टोकाला गेला, जिथं गवतही उगवत नव्हतं.

हंगामाला पिशव्यांची रांग लागली. पांढरी, खारी, खडकाळ, नुसती रडकी माती! बाई अशा खूष, जशी कुणी मिठाईच पाठवली. प्रयोगशाळा हलली नाही. नवा केमिस्ट थेंब सोडत असला की बाई दारात थांबायच्या, हाताची घडी घट्ट घालून, आणि मग सह्या करायला जायच्या.

मी मात्र येईल त्याला सांगायचो, ही प्रयोगशाळा माझ्यामुळं वाचली. साक्रीकडची एक अक्का पिशवी घेऊन आली, तिलाही सांगितलं आणि रुबाबात हात पुढं केला. अक्कानं मला खालून वर बघितलं आणि पिशवी छातीशी धरली.

"तूच शे ना तो, उकिरडानी माती आणेल? मनी थैलीले हात लावू नको. बाईले बलाव."