गिरिजाक्कांच्या प्लेटा

गिरिजाक्का नसत्या, तर मी आज कुठल्याच कॉलेजात शिकवत नसतो. हे मी कितीजणांना सांगितलं असेल. पुढचं मात्र गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच नाही – बायकोला नाही, आईलाही नाही.

गडहिंग्लजकडच्या आमच्या गावातून मी कोल्हापुरात संशोधनाला आलो, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलेलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तरी नेमकं काय बघायचं ते मला कळायचं नाही. ते अक्कांनी शिकवलं. त्या माझ्या सीनियर, सीमेवरच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. घरात आईला अंडं चालायचं नाही, आणि लॅबमध्ये त्या रोज उबवणीची अंडी फोडून पिल्लाच्या गर्भातून स्नायूच्या पेशी काढायच्या. "आमच्या अव्वाला कळलं, तर मलाच उकडंल बघ," म्हणायच्या.

या पेशी काचेच्या प्लेटमध्ये आधी सुट्ट्या असतात. मग ओळीत येतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांचा लांब धागा होतो – स्नायूचा. मज्जारज्जूचा अर्क घातला तर हे लवकर घडतं, असा अक्कांचा अंदाज होता. पहिल्या खेपेला तसं दिसलंही. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले – पुन्हा एकदा दाखवा, नाहीतर विषय सोडा.

अक्कांनी दुसरी खेप लावली, आणि त्यांचे वडील दवाखान्यात दाखल झाले. जाताना अक्कांनी प्लेटा माझ्यावर सोपवल्या. पेशींचं खाद्य म्हणजे एक गुलाबी द्रव, तो रोज बदलायचा. "पिवळा पडू द्यायचा न्हाय. पोरं हायत माझी ती, समजलं काय?"

समजलं होतं. पण त्याच आठवड्यात गावची म्हाई आली – देवीचा सण, घरोघर मटण, दारात पावणं. चुलत्यांचा निरोप आला, "शिकला म्हणून म्हाईला बी येत न्हाय व्हय रं?" लागलं मला ते. गेलो, आणि राहिलो. का राहिलो? कुणी धरून ठेवलं होतं? नाही. पंगतीत लोक "या सायंटिस्ट" म्हणत होते – ते ऐकत बसलो.

परत आलो तर द्रव पिवळा, पेशी काचेवरून सुटून तरंगत होत्या.

तेव्हाही सांगता आलं असतं, नाही का? चिडल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या आणि नव्यानं अंडी आणली असती. मी काय केलं? मेलेल्या पेशी ओतून दिल्या. माझ्या साठ्यातल्या ताज्या पेशी नव्या प्लेटांत घातल्या आणि झाकणांवर अक्कांच्या खुणा केल्या. अर्क त्यांनी सुरुवातीलाच निम्म्या प्लेटांत घातला होता, जास्तीचा उरला नव्हता – म्हणून मी घातलाच नाही. जे तपासायचं होतं, तेच त्यात नव्हतं.

अक्का आल्या. वडील वाचले होते, चेहरा उजळ होता. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ डोळा काढला नाही. पेशी सुट्ट्याच होत्या – सगळ्या प्लेटांत सारख्या. सरांनी फोटो काढायला सांगितले. कॅमेरा मीच बसवला, फोकसही मीच केला. अक्का म्हणाल्या, "माझंच चुकलं असणार. पहिल्या खेपेला हौसेनं बघितलं असंल मी."

मी बाजूलाच उभा होतो.

विषय सुटला, पुढं अक्काही सुटल्या. गावाकडं शाळेत नोकरी धरली. तरी माझ्या प्रबंधाची पानं मागवून तपासून दिली. मला पदवी मिळाली तेव्हा फोनवर ओरडल्या, "डॉक्टर झालास की लेका! माझं न्हाय झालं, तुझं झालं, एकच की!" एकच? त्या शब्दानं माझी झोप नेली – आणि तरी पुढची कित्येक वर्षं मी गप्प होतो.

गेल्या महिन्यात त्यांना लिहून पाठवलं ते असं –

"अक्का, तुम्ही वडिलांकडं होता तेव्हा मी म्हाईला गेलो आणि तुमच्या पेशी मेल्या. तुम्ही बघितल्या त्या माझ्या होत्या. त्यांत अर्क नव्हता. तुमचा अंदाज खरा होता का, ते त्या प्लेटांवरून कुणालाच कळलं नसतं. पहिल्या खेपेला तुम्ही उठल्यावर त्याच प्लेटला मीही डोळा लावला होता. धागे होते, अक्का."