शेजारच्या काकूंची गोळी

“नेहमीच्या माणसांपुरतं ठेवलंय बाजूला, तात्या. बाहेर बोलू नका.”

मेडिकलवाला हे हळूच म्हणाला, पण काउंटरला मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना अगदी खेटून उभी होते. त्यानं खालच्या खणातून गोळ्यांची दोन पाकिटं काढली आणि तात्यांच्या पिशवीत टाकली. गोळी तीच होती. इंदापूरच्या स्टँडवर उतरल्यापासून मी तीच शोधत होते. आधीच्या दोन दुकानांत “वरूनच माल येत नाही” एवढंच ऐकायला मिळालं होतं. हे तिसरं दुकान.

मी चिठ्ठी पुढं केली. त्यानं ती वाचली, मग तात्यांच्या पिशवीकडं पाहिलं आणि जरा ओशाळला.

“संपली हो, ताई. महिना झाला, येईचना. ती ह्यांची होती. वर्षानुवर्षं इथूनच नेतात, म्हणून ठेवलेली.”

आम्हीही सहा वर्षं इंदापुरातूनच नेत होतो. फक्त दर महिन्याला दुकान बदलून.

तो आईचा नियम होता. आई आमच्या गावात, बारामतीजवळच्या सांगवीत, अंगणवाडी चालवायची. विहाराशेजारच्या खोलीत गावची तीसेक पोरं तिच्या भरवशावर बसलेली असायची. तिला फिट येते हे वडिलांना आणि मला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. “फिट येनाऱ्या बाईपाशी लेकरं कोन सोडंल?” असं ती म्हणायची आणि विषय संपायचा. बारामतीच्या कुठल्याही मेडिकलात गावातलं कुणी ना कुणी भेटायचंच. म्हणून डॉक्टर इंदापूरचे, औषधही इंदापूरचं. तिथंसुद्धा एकाच दुकानात सारखं गेलं की चेहरा लक्षात राहतो, मग गाव विचारतात, मग नातं. त्यापेक्षा तीन दुकानं, आळीपाळीनं. मी बारामतीच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकलेली, हे सुरू झालं तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, आणि मुळातच कमी बोलणारी. हे काम माझ्याकडं येणं साहजिक होतं. मी ते चोख करायचे. इतकं चोख, की सहा वर्षांत तिन्ही दुकानांपैकी एकाही दुकानदाराला माझा चेहरा आठवत नव्हता.

“पेशंट कोण?” त्यानं विचारलं. “घरातलं कुणी?”

“शेजारच्या काकू आहेत.” हे उत्तर तयार होतं. बसमध्ये मी नेहमी एकदा मनात म्हणून बघायचे.

“कुठून आलात?”

“बारामतीकडून.”

तात्या हसले. “आगं, बारामतीत गल्लीला एक मेडिकल हाय, आन् तू हितं व्हय? शेजारनीसाठी?” मग मेडिकलवाल्याकडं वळून म्हणाले, “लई गुनाची पोर हाय. आमच्या शेजारनीला ताक मागितलं तर ती दार लावून घेती.”

दुकानातली दोघं-तिघं हसली. मीही हसल्यासारखं केलं.

तात्या जायला निघाले, पायरीवर थांबले आणि माझ्याकडं वळले. “आमच्या नातीला बी फिट येती,” ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नातीला गणित येतं म्हणून सांगावं तसं. “लई वंगाळ दुखनं. तुज्या घरातलं कुनी असतं ना पोरी, तर ह्यातलं एक पाकीट तुला दिलं असतं बघ. पर शेजारनीचं तिच्या घरचं बघतील की. व्हय का न्हाय?”

ते उत्तराची वाट बघत थांबले होते. त्यांना घाई नव्हती. पिशवीचं तोंड अजून उघडंच होतं.

तोंडातून आवाज काढणं मला नेहमीच जड जायचं, पण त्या वेळी शब्द अगदी सहज आले.

“असू दे,” मी म्हणाले.

घरी पोचले तेव्हा आई अंगणात तांदूळ निवडत होती. गोळी मिळाली नाही म्हटल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं ते हे: “कुनी काय इचारलं का?”

“विचारलं. शेजारच्या काकूंसाठी म्हणून सांगितलं.”

“शानी माजी बाय,” ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखर सैलावला. तात्यांचं मी सांगितलं नाही.

घरात नऊ गोळ्या होत्या. आईनं ब्लेडनं त्यांचे दोन-दोन तुकडे केले. वडील साखर कारखान्यात होते, सीझन चालू होता, रजा मिळत नव्हती. पुढच्या रविवारी पुण्याला जाऊन आणतो, असं ते म्हणाले. तोवर अर्धी-अर्धी पुरणार होती. गोळी एकदम कमी करू नका, असं डॉक्टरांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं. ते घरात मला एकटीलाच वाचता येत होतं. मी आईला सांगितलंही. “पुरवायला तर पायजे ना?” ती म्हणाली. मी चिठ्ठीची घडी घालून ती डब्यात ठेवली.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती कॅनॉलच्या फाट्यावर गोधड्या धुवायला गेली. त्या वेळी तिथं दुसरी कुणी बाई नव्हती. ऊसतोडीच्या माणसांना ती दिसली तेव्हा गोधडी दगडावर पसरलेली होती आणि ती पाण्यात पालथी होती.

पाणी गुडघ्याएवढं होतं.

घरी आणलं तोवर दारात गाव गोळा झालं होतं. बायका पदर तोंडाशी धरून बोलत होत्या, पण मला सगळं ऐकू येत होतं. “गुडघाभर पान्यात कोन बुडतं गं?” “नवरा-बायकूचं काय असंल.” “कारखान्यातनं रोज उशिरा येतोय की तो.” अंगणवाडीतली तीन-चार पोरं कुंपणाला धरून उभी होती. त्यांना कुणी घरी नेत नव्हतं.

पंचनाम्याला आलेले हवालदार खाटेवर बसून लिहीत होते. घरात भांडण होतं का, त्यांनी विचारलं. वडील न्हाय म्हणाले. सासरचा काही त्रास? न्हाय. “आजार? काही दुखणं-खुपणं?”

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. अगदी क्षणभर. मग खाली मान घालून म्हणाले, “न्हाय. ठनठनीत होती.”

आईसाठी त्यांना तेवढंच करता येत होतं, हे मला आज कळतं. हवालदारांनी तेही लिहून घेतलं. मागून कुणीतरी “बघा,” असं म्हणालं. वडिलांच्या अंगावर अजून कारखान्याचा खाकी शर्ट होता आणि सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं.

मी दारातून पुढं आले. एवढ्या माणसांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. आवाज फाटला, म्हणून मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

“तिनं जीव दिला नाही. माझ्या आईला फिट येत होती. तिची गोळी मिळत होती, मी घेतली नाही. लिहून घ्या.”