हेलिकॉप्टरची पाती आणि दुधाचा ग्लास

वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस कितीही झाडा, कोपऱ्यात साठतोच. गजूभाऊंच्या शेडमधले किस्से तसेच. एक सांगून झाला की खालून दुसरा निघतो. आर्णीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान त्यांच्या शेडला लागून, मधे नुसती टिनाची भिंत. त्यामुळे हेलिकॉप्टर माझ्या नशिबी फुकटात आलं!

गजूभाऊ खरे गेट आणि ग्रील करणारे. पण मोबाईलवर त्यांनी कोणीतरी घरी बांधलेलं एका माणसापुरतं हेलिकॉप्टर पाहिलं आणि गेटं मागे पडली. त्यांच्या बायकोला, म्हणजे शोभावहिनींना, त्याच शेडमध्ये पिठाची चक्की टाकायची होती. रोजची कटकट नको म्हणून वहिनींनीच अट घातली. दसऱ्याला पाती लोखंडी स्टँडवर लावून इंजिनानं फिरवायची. त्याच स्टँडवर काठोकाठ भरलेला दुधाचा ग्लास ठेवायचा. दूध सांडलं नाही तर शेड हेलिकॉप्टरची. सांडलं तर चक्कीची, आणि पात्यांच्या लाकडाचे पोळपाट!

"सांडन कायले?" गजूभाऊ म्हणाले. "दोन्ही पाते बराबर असले तं स्टँड हालतच नाई!"

*

पाती लाकडाची. पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, मग रंधा मारून एक कड गोल आणि दुसरी निमुळती करायची. फिरताना गोल कड पुढे राहिली पाहिजे. हे काम नामदेव मिस्त्रींकडे. अर्ध्या तालुक्याची दारं त्यांच्या हातची.

पाती आली तेव्हा काय सुंदर दिसत होती! गजूभाऊंनी त्यांच्यावरून लहान लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. मग ती स्टँडवर लावली, हातानंच एक गिरकी दिली आणि लगेच पाती धरून थांबवली. एक पातं गोल कडेनं चाललं होतं आणि दुसरं उलटं, शेपटाकडून!

"मिस्त्री, हे काय केलं तुमी?"

"काय म्हंजे? जोडी हाय न! एक डावं, एक उजवं. दाराचे दोन्ही पल्ले एकसारखे केले तं दार लागन काय?"

"अहो, हे दार नाई न! हे फिरते!"

मिस्त्रींनी दोन्ही पाती शेजारी शेजारी धरून पाहिली. मग म्हणाले, "मंग अजून एक जोडी करतो. दोन डावे तुमाले, दोन उजवे दुसऱ्या हेलिकॉप्टरले!"

*

मग वजनाचा घोळ. दोन्ही पाती जोडून मधोमध सुतळीनं टांगायची. अलीकडचं जड झालं, घासा. आता पलीकडचं जड, ते घासा. लोणी वाटणाऱ्या माकडासारखे आम्ही बसलो होतो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घासा, घासा. दसऱ्यापर्यंत लाटणं तरी उरू द्या!"

शेवटी पाती सरळ राहिली. आम्ही श्वास रोखून बघतोय, तोच एक चिमणी येऊन टोकावर बसली. ते टोक हळूच खाली गेलं. मी चिमणीला शिव्या घातल्या, पण गजूभाऊ नाचायलाच लागले.

"चिमणीचं वजन दाखवलं न राजा! सोनाराचा काटा झाला हा!"

*

वरून फायबरचा थर द्यायला पाती यवतमाळला न्यायची होती, कुलरच्या टाक्या करणाऱ्या एकाकडे. मी मालवाहू ऑटोत घेऊन निघालो. निम्मी पाती बाहेर. नाक्यावर हवालदारानं थांबवलं.

"हे काय हाय?"

"हेलिकॉप्टरचे पाते, साहेब."

"बाकीचं हेलिकॉप्टर कुठं हाय?"

घाबरून माझ्या तोंडून निघालं, "मागून येऊन राह्यलं."

त्यानं शिट्टी तोंडात धरली आणि आभाळाकडे बघत बघत रस्ता मोकळा करायला लागला!

*

दसरा आला. अवजारांबरोबर पात्यांचीही पूजा झाली. हार काढून ठेवले. काठोकाठ भरलेला, पांढराशुभ्र ग्लास वहिनींनी स्वतः आणून स्टँडवर ठेवला. आम्ही सगळे रेतीच्या पोत्यांमागे. गजूभाऊंनी पात्यांना हात जोडले. खरं सांगतो, मला रडू येईलसं झालं होतं. या माणसाला वर्षभर दुसरं काही सुचलंच नव्हतं.

इंजिन सुरू झालं. पाती फिरली! धूळ उडाली, मिस्त्रींची टोपी उडाली. आणि स्टँड हलायला लागलं. नट खडखडले, माझ्या दुकानाची टिनाची भिंत थडथडली. गजूभाऊंनी डोळे मिटून इंजिन बंद केलं.

"गेली शेड," ते म्हणाले.

धूळ खाली बसली. ग्लास जागेवर होता. एक थेंब सांडला नव्हता!

मिस्त्रींनी आरोळी ठोकली आणि आम्ही गजूभाऊंना खांद्यावर घेतलं. ते मात्र वरूनही स्टँडकडेच बघत होते. "पण हाललं तं लय..."

"अट म्हंजे अट," वहिनी ग्लासावर पदर टाकत म्हणाल्या. "शेड तुमची."

दुपारी आम्ही सगळे त्यांच्याकडेच जेवायला बसलो. वहिनींनी तोच ग्लास आणला आणि गजूभाऊंच्या वाटीवर उलटा धरला. काहीच पडलं नाही. त्यांनी बुडावर दोन थापा मारल्या, तेव्हा कुठे घट्ट दह्याचा गोळा थपकन वाटीत उतरला.

गजूभाऊंचा घास हातातच राहिला.

"चांगल्या कामाच्या आधी दहीच देतात," वहिनी वरून साखर टाकत म्हणाल्या. "दूध पुढल्या दसऱ्याले आणीन. तवरिक ते नट आवळा!"