बुधाची डबल बेल

भिंतीपलीकडून स्टीलच्या पेल्यावर चमच्याचा एक ठोका पडला, की आमच्या घरात जो कोणी असेल त्याने हातातलं टाकून मागच्या परड्यात यायचं, असा कायदा होता. एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके म्हणजे सुटली. एसटीने कधी प्रवास केला असेल तर ही भाषा तुम्हाला नवी नाही.

ठोके देणारे आमचे शेजारी एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. सगळी वसाहत त्यांना मामा म्हणायची. ते मात्र जगातल्या प्रत्येकाला ‘पावणं’ म्हणायचे. अठरा वर्षं आमची भिंत एक, पाण्याची वेळ एक, आणि मी तरी पाहुणाच. एकदा मी तक्रार केली, तेव्हा म्हणाले, “गाडीत बसलेला समदा पाव्हणाच असतोय की. तुमी कुठं उतरणार, मी कुठं उतरणार.”

पेल्याचा एक ठोका पडला म्हणजे एखादा ग्रह दिसू लागला आहे. दोन पडले म्हणजे मावळला. “नोकरीभर दुसऱ्यानं बेल दिली, मी गाडी हाणली,” मामा सांगायचे. “आता बेल माझ्या हातात हाय.”

हा नाद त्यांना लागला तो चंदगडच्या मुक्कामाच्या गाडीवर. संध्याकाळी गाडी न्यायची, रात्री तिथेच राहायचं, पहाटे परत निघायचं. अशाच एका पहाटे वळणावर समोरून एक दिवा आला. मामांनी रीतीप्रमाणे डिपर मारला. समोरचा काही लाईट खाली करेना. पुन्हा मारला. मग शिवी घातली. मागून कंडक्टर म्हणाला, “मामा, शुक्राची चांदणी हाय ती. तिला कुठं डिपर असतोय?”

दुसरा कोणी असता तर हा किस्सा दाबून टाकला असता. मामांनी तो आम्हाला निदान चाळीस वेळा सांगितला, आणि प्रत्येक वेळी शिवी बदलून.

त्यांच्या परड्यात भंगारातून आणलेलं एसटीचं दोन माणसांचं बाकडं होतं. गुरू पूर्वेला उगवला, तर आम्ही दोघांनी ते उचलून फिरवायचं. “रिव्हर्स घ्या पावणं, मागं केळ हाय.” मग मामा खिडकीच्या बाजूला बसत. खिडकी नव्हती, पण बाजू त्यांची ठरलेली होती. लुकलुकते ती चांदणी आणि टक लावून बघतो तो ग्रह, हे मला त्या बाकड्यावर कळलं. मंगळ काही आठवडे उलटा चालतो हेही तिथेच कळलं. “वळण चुकलं आसंल,” मामा म्हणाले, “रिव्हर्स घेतोय.” कोपऱ्यावरच्या काकू साडेसातीवर उपाय विचारायला आल्या, तेव्हा त्यांनी हात जोडले. “शनीला मी किती वर्सं बघतोय, काकू. त्यो कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्या रूटनं जातोय बिचारा.”

पण मामांचा एक ग्रह राहिला होता. बुध. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पाचांपैकी चार झाले होते. पाचवा सूर्याचं बोट सोडत नाही. वर्षातून दोन-चार वेळा, सूर्य बुडाल्यावर किंवा उगवण्याआधी, क्षितिजाला टेकून थोडा वेळ दिसतो आणि जातो. आणि मामांना घाई होती. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. ही बातमी त्यांनी मला दिली ती अशी: “दोनी साईडचे आरसे गेल्यात, पावणं. समोरची काच तेवढी हाय. ती जायच्या आत ह्यो पाचवा बघायचा.”

पंचांग हे त्यांचं वेळापत्रक. त्यात बुधाचा पश्चिमेला उदय लिहून आला, की मामा आठवडाभर संध्याकाळचं गाव सोडत नसत. आमची वसाहत रंकाळ्याच्या पलीकडची, पश्चिमेला डोंगराची रांग. एका वर्षी पेल्यावर ठोका पडला तो नेहमीपेक्षा जोरात. मी धावलो. डोंगराला लागून एक पिवळा ठिपका, अगदी शांत, अजिबात लुकलुकत नव्हता. मामा नुसता माझा दंड धरून उभे. तीन संध्याकाळी आम्ही तो बघितला. मामांनी अर्धी गल्ली आणून दाखवला. काकूंनी तर हळदकुंकू वाहिलं.

चौथ्या दिवशी मामा म्हणाले, “आज मावळतीपातुर बसायचं. रीतसर डबल बेल देऊया.” बसलो. बुध मावळेना. जेवायची वेळ टळली, आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा हाक मारली, तरी तो तिथेच. “पावणं,” मामा हळूच म्हणाले, “ही गाडी सुटंना की.” आणि तेवढ्यात बुध गपकन विझला.

डोंगरावरच्या कुणीतरी, झोपायला जाताना, बाहेरचा दिवा बंद केला होता.

आता गंमत ऐका. शाहूपुरीत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. बल्ब विकण्यात माझी हयात गेली, आणि चार दिवस मी एका बल्बला नमस्कार करत होतो. मी हे प्रकरण मिटवायच्या विचारात होतो. मामा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून घरोघर फिरले. “दावला त्यो बुध न्हवता. बल्ब हुता. चूक माझी हाय.” काकू म्हणाल्या, “मग माझं हळदकुंकू?” मामा म्हणाले, “डोंगराला लागू झालं म्हना.”

पुढच्या वर्षी, शिमग्याच्या आसपास, पंचांगात पुन्हा बुध आला. संध्याकाळी मी गेलो तर मामा बाकड्याच्या पार टोकाला, कंबरेत वाकून, मान तिरकी करून बसलेले. आमच्या हिने भिंतीवरून शेवग्याच्या शेंगा पुढे केल्या आणि विचारलं, “मामा, मान अवघडली का?”

“न्हाय वैनी. वाकून बघाय लागतंय जरा.”

“का बरं?”

मामा शेंगा मोजायला लागले. हिने मागे वळून पाहिलं. आमच्या भिंतीलगतचा शेवगा शेंगांनी लगडून नेमका मामांच्या पश्चिमेवर ओणवा झाला होता. दोन वर्षं तो माणूस त्या शेवग्याखालून, एवढ्याशा फटीतून, पाचवा ग्रह शोधत होता. गेल्या वर्षी त्या फटीत सापडला तो बल्ब.

“दोन वर्षं तोंड शिवलं होतं का तुमचं?” ही म्हणाली.

“शेंगा खाल्ल्यात, वैनी,” मामा म्हणाले. “आमटीत खायच्या आन् वर फांदी तोडा म्हनायचं, हे बरं दिसतंय व्हय?”

ही आत गेली ती कोयता घेऊनच आली. मी पुढे झालो, तर म्हणाली, “तुम्ही ग्रह बघा, तुमचं तेच काम.” शेवग्याचं लाकूड ठिसूळ. पाच मिनिटांत मामांपुढे गाडीच्या काचेएवढं आकाश उघडं पडलं. त्या आठवड्यात गल्लीत घरोघरी शेवग्याची आमटी होती.

पण आकाश धुरकट. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, “दोन-चार दिसांत बुडंल हा. पुढल्या खेपंला माझी काच आसंल का नसंल.” ते इतक्या साध्या सुरात म्हणाले, की मला काही दिसत नसताना मी बोट उचललं. “तो काय, मामा. आमच्या घराच्या कोपऱ्यावर. दिसला.”

मामांनी माझ्या बोटाकडे बघितलंही नाही. “तितं न्हाय, पावणं.” त्यांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि स्टिअरिंगसारखं डावीकडे वळवलं. “लाईटीच्या तारंच्या वर. वीतभर.”

होता. तांबूस, बारीक, स्थिर.

“लुकलुकतोय का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मागल्या खेपंलाबी न्हवता लुकलुकत. बसा.”

आम्ही बसलो. हीसुद्धा भिंतीपलीकडे, हात पदराला पुसत थांबली. ठिपका तारेला टेकला, तारेखाली आला, डोंगराच्या कडेवर क्षणभर राहिला आणि नाहीसा झाला. मामांनी पोटातला सगळा श्वास सोडला.

“मावळला,” ते म्हणाले. “म्हंजे खरा हुता.”

त्यांनी पेला उचलला, चमचा उचलला, आणि दोन्ही भिंतीवरून हिच्या हातात दिले. “वैनी, बेल तुमी द्या. रस्ता तुमी काढला.”

हिने दोन ठोके दिले. मामांनी रिकाम्या हातांनी गिअर टाकला.

त्याच पावसाळ्यात, एका दुपारी झोपेतच मामा गेले. समोरची काच शेवटपर्यंत राहिली, एवढं समाधान. त्यांच्या मुलीने बाकडं आमच्याकडे दिलं. दुकानात बल्ब बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हल्ली शुक्र कुठे आहे तेही सांगतो. माणूस तेवढ्यापुरता तरी मान वर करतो. ही सवय मामांची आहे, माझी नाही.

यंदा शिमगा जवळ आला तशी हिने मला न सांगता शेवग्याच्या पश्चिमेकडच्या फांद्या उतरवल्या. पंचांग मी उघडलं. तिसऱ्या संध्याकाळी बुध दिसला. बाकड्यावर मी कडेला बसलो होतो, खिडकीची बाजू सोडून. तो तारेला टेकला, खाली आला, डोंगराआड गेला. मी तसाच बसून राहिलो. पेला घ्यायची आठवणच राहिली नव्हती.

मागे स्वयंपाकघरात भाकरी चालली होती. थापटण्याचा आवाज थांबला, आणि तव्याच्या कडेवर उलथन्याचे दोन ठोके पडले.