मधल्या सुट्टीतली शोभना

विलासरावांचा, म्हणजे शोभनाच्या यजमानांचा फोन आला तेव्हा आमच्या शाळेत आरोग्य सप्ताह चालू होता. हॉलमध्ये दातांचे डॉक्टर मुलांना ब्रश कसा फिरवायचा ते दाखवत होते. "शोभना गेली, ताई," एवढंच ते म्हणाले. मी पॅसेजमध्ये तशीच उभी राहिले... आतून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता. त्याला आता महिना होऊन गेला.

डी.एड.ला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. पुढे मला जुईनगरच्या खासगी शाळेत नोकरी लागली आणि तिला पावणे गावातल्या, कारखान्यांच्या शेडांमध्ये दबलेल्या प्राथमिक शाळेत. पावणे तिचं माहेर, आता तिथे घर उरलं नव्हतं, पण त्याच शाळेत ती बाराखडी शिकलेली. आरोग्य सप्ताह दोन्हीकडे व्हायचा. आमच्याकडे डॉक्टर यायचे, आहारतज्ज्ञ डबे बघायच्या, पाणी पिण्याची आठवण म्हणून घंटा व्हायची. तिच्याकडे 'भरपूर पाणी प्या' असं पोस्टर यायचं. आमचं ऐकून तिनेही घंटा सुरू केली. मुलगे प्यायचे, मुली नुसते ओठ ओले करायच्या. तिसरीतल्या एकीला तिने कारण विचारलं, तर ती खाली बघत म्हणाली, "बाई, पानी पिलं का मंग जावं लागतं." मुलींच्या संडासाला कडी नव्हती आणि समोरच ट्रकवाल्यांचा राबता.

शोभनाने पदरमोड करून कडी बसवली, पण दार इतकं सडलेलं की स्क्रूच धरेनात. नवीन दारासाठी शिक्षण विभागाच्या ऑफिसात खेपा घातल्या. उत्तर ठरलेलं : "मॅडम, ती शाळा हलवायचीय. आता तिथे खर्च कशाला टाकायचा?" हलवायची म्हणून दुरुस्ती नाही, आणि जागा मिळत नाही म्हणून हलवणं नाही. वर्षं अशीच गेली. शेवटी मधल्या सुट्टीत ती स्वतःच त्या दाराला पाठ लावून उभी राहायला लागली. मुली रांगेने यायच्या, जायच्या. हळूहळू त्या पाणीही प्यायला लागल्या. हे सांगताना ती खुशीत होती. मी विचारलं, "आणि तुझ्यासाठी कोण उभं राहतं गं?"

"मी घरी जाते ना."

घर खांदेश्वरला, शाळेपासून तासाभराच्या वाटेवर. म्हणजे सकाळपासून ही बाई पाण्याचा घोट घेत नव्हती. मी चिडले, बदली माग म्हणाले. ती म्हणाली, "आमच्याकडे बाकी सगळे सरच आहेत. मी गेले तर पोरींनी काय करायचं? अडकलेय गं मी... तू टेन्शन घेऊ नकोस."

मग वरचेवर ताप यायला लागला. इन्फेक्शनच्या गोळ्या खाऊन ती शाळेत जायची. शेवटी किडन्यांवर आलं. तिला साखरेचा त्रास होताच, त्यामुळे नेमकं कशाने झालं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मीही छातीठोकपणे काही म्हणत नाही. डायलिसिस सुरू झालं आणि तिला पाणी मोजून मिळायला लागलं. शेवटची भेटले तेव्हा तिचे ओठ सुकलेले होते. "सुट्टीत आता कोण उभं राहत असेल गं?" एवढंच तिने विचारलं. ती गेल्यावर मी पावण्याला जाऊन आले. शाळा तिथेच आहे, दारही तेच. घंटा झाली, मुलींनी ओठ ओले केले आणि बाटल्या दप्तरात ठेवल्या.

परवा खांदेश्वरला गेले होते. विलासराव आता निवृत्त, दिवसभर घरीच असतात. चहा पिता पिता ते उठले आणि फ्लॅटचं दार सताड उघडून आले. मला वाटलं, कुणी येणार असेल.

"नाही, तिची यायची वेळ ही," ते म्हणाले. "बेल वाजवून थांबायलासुद्धा जमायचं नाही हो तिला. चपलांसकट आत पळायची. म्हणून मी आधीच उघडून ठेवायचो..."

ते परत खुर्चीत बसले. आम्ही दोघं चहा पीत राहिलो. दार कुणीच लावलं नाही.